मॉरिशसमध्ये डोंगर आणि समुद्र: दिवस कोणत्या क्रमाने लावायचे

मॉरिशसला जाऊन आलेल्या ओळखीच्यांकडून मला त्याच त्या तीन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. ल मॉर्नचा डोंगर चढायला गेलो, पण कातळापाशी ऊन इतकं झालं की परत फिरलो. ब्लॅक रिव्हरच्या दरीसमोर उभे होतो, पण समोर नुसता ढग. बोटीत निम्म्या लोकांना उलट्या झाल्या. मुलाच्या तळपायात समुद्री साळूचे काटे मोडले.

यातल्या बहुतेक वेळी जागा बरोबर होती, वेळ आणि क्रम चुकलेला होता. टूरवाले "उत्तर टूर, दक्षिण टूर, आयलंड टूर" असे तीन तुकडे करून हातात देतात. त्यांच्या गाडीच्या सोयीसाठी ते बरोबर असेलही. पण हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे: मधोमध उंच पठार, कडेला सुटे उभे डोंगर, भोवती प्रवाळाची भिंत. एकाच दिवशी एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला कडक ऊन असतं. तुमचे दिवस वारा आणि ढग पाहूनच लावावे लागतात.

१. आधी महिना, मग किनारा, मग हॉटेल

बहुतेक जण स्वस्त हॉटेल दिसलं की ते आधी घेतात. इथेच पहिली चूक होते.

मे ते ऑक्टोबर हा तिथला थंड, कोरडा काळ. डोंगर चढायला हाच उत्तम. पण या दिवसांत आग्नेयेकडून वारा सतत वाहतो, जून ते ऑगस्टमध्ये तर जोरात. तो थेट पूर्व किनाऱ्यावर येतो. त्यामुळे बेल मार, त्रू द'ओ दूस या बाजूला पाणी खवळलेलं आणि संध्याकाळी अंगावर काटा आणणारा गारवा. याच वेळी पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक आणि वायव्येला त्रू ओ बिश, मों श्वाझी इथे पाणी बऱ्यापैकी शांत असतं, कारण मधले डोंगर वारा अडवतात.

नोव्हेंबर ते एप्रिल गरम, दमट आणि चक्रीवादळांचा काळ. समुद्राचं पाणी उबदार, डोंगर मात्र घाम काढतात. चक्रीवादळाचे इशारे वर्ग १ ते ४ असे दिले जातात. वर्ग ३ लागला की बाहेर पडायचं नाही. सगळं बंद होतं, विमानंही थांबतात. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर परतीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिसचं महत्त्वाचं काम ठेवू नका.

डोंगर हा मुख्य हेतू असेल तर माझा सल्ला: मे, सप्टेंबर किंवा ऑक्टोबर, आणि मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर. ल मॉर्न, शामारेल, ब्लॅक रिव्हर, तामारँ हे सगळं त्या बाजूला आहे. उत्तरेला ग्रां बेला राहून रोज पहाटे नैर्ऋत्येला गाडी हाकणारे लोक तिसऱ्या दिवशी थकतात. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पण रस्ते उसाच्या शेतांतून, गावांतून आणि असंख्य गोल चौकांतून जातात. नकाशावरच्या अंतरावरून वेळ काढू नका.

*तपासा:* तुमच्या तारखांत महाशिवरात्र येते का? त्या आठवड्यात हजारो भाविक कावड घेऊन चालत गंगा तलावाकडे जातात आणि पठाराचे रस्ते भरून जातात. सामील व्हायचं असेल तर फार सुंदर अनुभव. नुसतं फिरायचं असेल तर तो भाग त्या दिवसांत टाळा. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी कुटुंबांचा तो मोठा सण आहे, कासकाव्हेलच्या बाजूला ही वस्ती विशेष. विसर्जनाच्या दिवशी फ्लिक आं फ्लाकला गाडी लावायला जागा मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. त्या दिवशी चालत जा.

२. निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. तो उतरल्यावर मोफत मिळतो. म्हणून लोक निर्धास्त होतात आणि कागद विसरतात. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. प्रवासाआधी सरकारी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्याची छापील प्रत जवळ ठेवा, विमानतळावर मोबाइलचं नेट चालेलच असं नाही.

औषधांबाबत नियम कडक आहेत. झोपेच्या गोळ्या, मानसिक आजाराची औषधं, तीव्र वेदनाशामक यांतलं काही घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथली परवानगी आधी पाहा. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, रोपं नेऊ नका. आंबे मावशीसाठी न्यायचा मोह इथे महागात पडेल. सीलबंद चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या डोंगरावर उत्तम चालतात.

सामानात या गोष्टी हव्याच:

- खोल खाचांचे तळ असलेले ट्रेकिंगचे बूट, आधी घालून पायाला बसलेले
- समुद्रात घालायचे रबरी तळाचे बूट, घरातल्या प्रत्येकासाठी एक जोड
- पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा शर्ट
- पावसाचं हलकं जॅकेट, कोणत्याही महिन्यात
- ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, चिमटा
- डोक्याला लावायची बॅटरी
- माणशी २ लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या

प्लगसाठी इंग्लंडसारखे तीन चौकोनी पायांचे अडॅप्टर लागतात.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. भाड्याची गाडी आणि विमा दोन्हीकडे तो विचारला जाऊ शकतो. बसेस चांगल्या आहेत, पण संध्याकाळी लवकर थांबतात आणि पहाटे डोंगराच्या पायथ्याशी पोहोचवत नाहीत. मेट्रो पोर्ट लुई ते क्यूरपीप धावते, समुद्रकिनाऱ्यांकडे नाही. चढाईच्या दिवसासाठी स्वतःची गाडी किंवा आदल्या दिवशी पक्का केलेला टॅक्सीवाला, हे दोनच मार्ग.

*सावधान:* प्रवास विम्यात ट्रेकिंग आणि स्कूबा डायव्हिंग वगळलेलं असतं असे बरेच प्लॅन आहेत. घेण्याआधी ती ओळ शोधून वाचा.

३. पहिले दोन दिवस: फक्त लगून

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात. थकवा फार नसतो, म्हणून लोक उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी डोंगर ठेवतात. मीही पहिल्या वेळी तेच केलं. रात्री नीट झोप नाही, पाणी पुरेसं प्यायलेलो नाही, आणि दहा वाजता चढायला लागलो. कातळाच्या टप्प्यावर हात थरथरायला लागले तेव्हा उतरलो. दोन दिवसांनी तीच वाट पहाटे सहज झाली.

पहिले दोन दिवस पाण्यात घालवा, पण तिथलं पाणी समजून.

बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आतलं उथळ, निळं पाणी म्हणजे लगून. लाटा भिंतीवर फुटतात आणि पाणी आत येतं. ते बाहेर जातं भिंतीतल्या खिंडीतून. तिथे पाणी वरून शांत दिसतं, लाट फुटत नाही, रंग गडद असतो, आणि नेमका त्याच जागी बाहेर ओढणारा प्रवाह असतो. लोक "इथे लाटा नाहीत" म्हणून तिकडेच पोहत जातात. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या एखाद्या बोटवाल्याला विचारा: खिंड कुठे आहे? मग तिच्यापासून लांब राहा. ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, प्रवाह सुटला की आत या.

दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री इथे प्रवाळाची भिंतच तुटलेली आहे. समुद्र थेट काळ्या कड्यांवर आपटतो. बघायला अप्रतिम. पाण्यात पाऊलही टाकू नका.

रबरी बूट लागतात ते लगूनमध्ये. स्टोनफिश नावाचा मासा दगडासारखा तळाशी पडून असतो आणि त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं. पाय पडलाच तर सहन होईल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि तसेच दवाखान्यात जा. बर्फ लावू नका. बूट सगळेच काटे अडवत नाहीत, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा सावकाश चाला आणि प्रवाळावर उभे राहू नका.

स्नॉर्कलिंग शिकायचं असेल तर ब्लू बे मरीन पार्क चांगलं. तिथे प्रवाळ जपलेले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मुखवटा घालून आधी कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटं श्वास घेण्याचा सराव करा, मगच बोटीतून उतरा. पाठीवर शर्ट हवाच. पाण्यात असताना ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ टेकता येत नाही.

*तपासा:* दुसऱ्या दिवशी रात्री उद्याचा हवामान अंदाज पाहा. पश्चिमेला पाऊस नसेल तर उद्या ल मॉर्न. असेल तर पठाराचा पाचवा टप्पा नव्हे, आणखी एक समुद्राचा दिवस घ्या.

४. ल मॉर्न

नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला हा ५५६ मीटरचा डोंगर. २००८ पासून जागतिक वारसा आहे. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी इथे आसरा घेतला होता, आजही तिथल्या लोकांसाठी ही स्मृतीची जागा आहे. वर जाऊन आरडाओरडा, स्पीकर नको.

आपल्याकडचे ट्रेकर इथे एक चूक हमखास करतात: उंची बघून हलक्यात घेतात. "राजगडापेक्षा निम्मा" म्हणतात. सह्याद्रीसारखाच हाही बसाल्ट आहे, पण शेवटच्या टप्प्यात पायऱ्या नाहीत, रेलिंग नाही, आणि सावली नाही.

वाट दोन भागांत आहे. पहिला भाग रुंद, सावकाश चढणारा, झाडीतून जाणारा. तिथून लगूनचं दृश्य दिसतं. मुलं, आजी-आजोबा इथपर्यंत आरामात येतात, आणि इथून परतलं तरी सकाळ वाया गेली असं अजिबात वाटत नाही. दुसरा भाग उभा, हातपाय दोन्ही वापरून चढायचा कातळ. वाट वरच्या क्रुसापाशी संपते. पुढे खऱ्या माथ्याकडे जायचा प्रयत्न करू नका.

क्रम असा ठेवा:

1. आदल्या संध्याकाळी पाणी भरून ठेवा. वाटेत पाणी कुठेही मिळत नाही.
2. गेट उघडतं त्याच वेळी पायथ्याशी असा. त्या मोसमातली वेळ हॉटेलात विचारून घ्या. जूनमध्ये सूर्य साडेसहाच्या पुढे उगवतो, डिसेंबरमध्ये साडेपाचला.
3. पहिला भाग मुद्दाम हळू चाला. दम इथे घालवू नका.
4. कातळाच्या सुरुवातीला थांबा, खा, आणि गटात ठरवा कोण वर जाणार. खाली थांबणाऱ्यांबरोबर एक अनुभवी माणूस ठेवा.
5. कॅमेरा, काठ्या पिशवीत टाका. दोन्ही हात मोकळे हवेत.
6. उतरताना तोंड कातळाकडे करून उतरा. चढणं जमतं, अडतात सगळे उतरताना.
7. दहा-साडेदहापर्यंत कातळ उतरून झालेला हवा.

एकूण तीन ते चार तास धरा. कातळावर कधी चढला नसाल तर स्थानिक वाटाड्या घ्या.

*सावधान:* रात्री पाऊस झालेला असेल तर कातळाच्या टप्प्याआधीच परता. ओला बसाल्ट आणि त्यावरची लाल माती यांचं काय होतं हे पावसाळ्यात गडावर गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

"पाण्याखालचा धबधबा" म्हणून फिरणारा फोटो याच टोकाचा आहे. तळाची वाळू खोल समुद्राकडे वाहते, त्यातून तो भास होतो. तो फक्त आकाशातून दिसतो, माथ्यावरून शोधत बसू नका.

५. पठार, दरी आणि शामारेल: उलट्या क्रमाने

नेहमीची टूर किनाऱ्याहून आधी शामारेल, मग दरी, मग गंगा तलाव अशी जाते. यात गोंधळ असा की आधी जायला हवं त्या पठारावर तुम्ही दुपारी पोहोचता. समुद्रावरची दमट हवा वर चढते आणि दुपारपर्यंत पठारावर ढग जमतात. पठाराच्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला पडणारा पाऊस पश्चिम किनाऱ्याच्या सुमारे चौपट असतो. शामारेल खाली, पश्चिम उतारावर आहे, तिथे दुपारीही बहुधा उजेड मिळतो.

म्हणून: सकाळी सातला निघा, आधी गंगा तलाव. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं. शिवाची ३३ मीटर उंच मूर्ती लांबूनच दिसते. गुडघे झाकणारे कपडे घाला, आणि माकडांसमोर प्रसादाची पिशवी उघडू नका. इथे गारठा असतो, जॅकेट गाडीत राहू देऊ नका.

तिथून ब्लॅक रिव्हर दरीच्या दृश्यबिंदूवर, दहाच्या आत. पाय चांगले असतील तर इथूनच जवळ बेटाच्या सर्वोच्च शिखराची, ८२८ मीटरच्या ब्लॅक रिव्हर पीकची वाट सुरू होते. तुम्ही आधीच उंचावर असता, त्यामुळे चढ कमी. बहुतेक वाट डोंगराच्या कण्यावरून, झाडीतून जाते. शेवटचा तुकडा तेवढा उभा आणि निसरडा. जाऊन-येऊन तीन तास धरा. चिखल नक्की. ल मॉर्नची भीती वाटली असेल त्यांनी हे करावं. माझ्या मते कुटुंबासाठी हीच जास्त चांगली चढाई आहे.

इथे विषारी साप नाहीत, ही सह्याद्रीत वावरलेल्यांना सुखाची बातमी. पण झुडपांत पिवळ्या गांधीलमाश्यांची पोळी असतात. वाटेबाहेर फांद्या बाजूला करत घुसू नका. वाटेकडेला लाल चिनी पेरू दिसतील. पुढचा स्थानिक माणूस तोडून खात असेल तर तुम्हीही खा, अनोळखी फळ नको.

शेवटी शामारेल. धबधबा आणि सप्तरंगी माती एकाच तिकिटात होतात. ही माती म्हणजे झिजलेला बसाल्टच: लोह आणि अॅल्युमिनिअमची संयुगं उरली, बाकी पावसाने धुऊन नेलं. भर माथ्यावरच्या उन्हात रंग फिके दिसतात, दुपार कलल्यावर उठून येतात. बंद व्हायची वेळ मात्र आधी पाहून ठेवा. हिवाळ्यात पावणेसहालाच सूर्य मावळतो आणि घाटातून अंधारात उतरणं नको.

६. सात धबधबे: फक्त वाटाड्यासोबत

तामारँचे सात धबधबे आँरियेता गावाजवळून सुरू होतात. याच जागी लोक सर्वांत जास्त अडकतात, कारण पायवाटा अनेक आहेत आणि सगळ्या पायाखालच्या वाटतात. वरून चालणं आणि दोराने थेट धबधब्यातून उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुकिंग करताना कोणतं ते स्पष्ट विचारा.

पठारावर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, त्यात पानं-काटक्या वाहायला लागल्या, तर वाटाड्या काही बोलण्याआधी पात्रातून बाहेर या. कुंडात वरून उडी मारू नका, तळाचे दगड दिसत नाहीत.

वेळ कमी असेल तर सगळ्या टप्प्यांतून मी हाच गाळेन.

७. खुला समुद्र

डॉल्फिनच्या बोटी तामारँच्या खाडीतून पहाटे निघतात. हे लगूनच्या बाहेरचं पाणी आहे. पोहता न येणाऱ्याने आणि लहान मुलांनी बोटीतच राहावं, लाइफ जॅकेट घालून. कळपासमोर बोट आडवी घालणारा चालक दिसला तर त्याच्याकडून जाऊ नका. डॉल्फिन खोल निघून जातात आणि तुमचेही पैसे बुडतात.

बोट ठरवताना तीन प्रश्न विचारा. पर्यटन प्राधिकरणाचा परवाना आहे का? माणशी लाइफ जॅकेट आहे का? वारा वाढला तर पैसे परत की दुसरा दिवस? तिसऱ्याचं उत्तर देताना जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नका. किनाऱ्यावरच्या एका बोटवाल्याकडे मी पूर्ण पैसे आधी भरले होते. वारा सुटला तरी त्याने बोट काढली, आणि आम्ही सहाही जण तो दिवस बादलीपाशी काढला.

इल ओ सेर्फ हे छोटं बेट पूर्वेला आहे. वाऱ्याच्या मोसमात ही सफर सर्वांत शांत अंदाज असलेल्या दिवशी ठेवा. मळमळीची गोळी बोट सुटल्यावर नाही, अर्धा-एक तास आधी. उपाशी चढू नका. ढोल पुरी (डाळ भरलेली तिथली पोळी) किंवा साधा पाव पोटात असू द्या.

*सावधान:* स्कूबा डायव्हिंग आणि डोंगर एकाच दिवशी नकोत. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. ल मॉर्न, पठार, हेलिकॉप्टर हे सगळं या नियमात येतं. म्हणून डोंगर आधी, डायव्हिंग नंतर, आणि मध्ये एक मोकळा दिवस.

८. शेवटचे दोन दिवस

शेवटच्या डायव्हपासून विमानापर्यंत किमान २४ तास ठेवा. त्यामुळे शेवटचा पूर्ण दिवस जमिनीवरचा: पोर्ट लुईचा बाजार, माहेबुरचा किनारा, किंवा, आदल्या दिवशी डायव्ह केलेली नसेल तर, राहून गेलेली वाट. आधीचे दिवस पावसाने खाल्ले असतील तर भरून काढायची जागा हीच, म्हणून या दिवसाचं आगाऊ बुकिंग करू नका.

बुटांची माती तिथेच ब्रशने धुऊन वाळवा, ओले बूट बॅगेत घालू नका. अडचण आली तर पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ११४. हे दोन्ही नंबर पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवलेले असू द्यात. आणि बॅग बंद करण्याआधी मुलांचे खिसे तपासा: शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे देशाबाहेर नेता येत नाहीत. सापडले तर विमानतळावर जाण्याआधी किनाऱ्यावर परत ठेवून या.